लॉक्स म्हणजे काय, आणि बडोद्याच्या स्वयंपाकघरात तो कसा मुरवावा

‘बेगल अँड लॉक्स’ म्हणजे बेगलवर (मधे भोक असलेला गोल पाव) स्मोक्ड, म्हणजे धूर दिलेला, सॅल्मन, असं बहुतेक जण धरून चालतात. हा अर्थ अर्धाच बरोबर आहे, आणि घरी करायला घेतलं की राहिलेला अर्धा महागात पडतो. लोक धुराच्या मागे लागतात आणि मीठ चमच्याने अंदाजपंचे घालतात. मूळचा लॉक्स म्हणजे सॅल्मनच्या पोटाकडचा चरबीदार भाग, मिठात मुरवलेला. त्याला ना धूर लागतो, ना चूल. वजन करून घेतलेलं मीठ आणि चार अंशांच्या आत राहणारा फ्रिज एवढं जमलं की काम झालं. बडोद्यात यातला फ्रिजचाच भाग अवघड आहे, म्हणून खाली त्यावर जास्त लिहिलं आहे.

आधी शब्द. इंग्रजीत ‘लॉक्स’ आला तो यिद्दिशमधल्या ‘लाक्स’वरून, आणि तिथे त्याचा अर्थ नुसता सॅल्मन मासा. खारवलेला वगैरे काही नाही. यिद्दिश ही मध्य आणि पूर्व युरोपातल्या अश्केनाझी ज्यूंची भाषा. घडण जर्मन वळणाची, लिपी हिब्रू, उजवीकडून डावीकडे. त्यामुळे सख्खे भाऊ जर्मनिक घरातच सापडतात: जर्मन ‘लाख्स’ (उच्चार ‘लाक्स’च), स्वीडिश ‘लाक्स’. जुन्या इंग्रजीतही ‘लेआक्स’ होता. पुढे फ्रेंचमार्गे लॅटिन कुळातला ‘सॅमन’ आला आणि त्याने घरच्या शब्दाला बाहेर काढलं. म्हणजे अमेरिकेत गेलेल्या यिद्दिशभाषकांनी इंग्रजीला तिचाच हरवलेला शब्द, मिठात घालून, परत दिला.

स्लाव्ह आणि बाल्टिक भाषांत याच मुळातल्या ‘क’च्या जागी ‘स’ किंवा ‘श’ दिसतो: रशियन ‘लोसोस’, लिथुआनियन ‘लाशिशा’. लॅटिन ‘केन्टुम’ आणि संस्कृत ‘शतम्’ (दोन्ही म्हणजे शंभर) यांच्यात जो फरक आहे, तोच हा. याहून मजेशीर नातेवाईक पार चीनच्या शिनजियांगमध्ये सापडतो. तिथल्या कुचा भागातल्या, आता लोपलेल्या तोखारी भाषेत ‘लाक्स’ म्हणजे कुठलाही मासा. सॅल्मन त्या वाळवंटी नद्यांत नाहीच. ही तोखारी हस्तलिखितं ब्राह्मीच्या एका रूपात लिहिलेली आहेत, म्हणजे आपल्या देवनागरीच्या चुलत घरातली. आपला लाखेचा ‘लाख’ आणि शंभर हजारांचा ‘लाख’ यांनाही काही अभ्यासकांनी या मुळाशी जोडून पाहिलं आहे, पण ते सर्वमान्य नाही. जेवताना सांगायला ठीक, छापायला नको. आणि इस्रोच्या बातम्यांत जो ‘लॉक्स’ येतो तो द्रवरूप ऑक्सिजन. इंग्रजी आद्याक्षरांचा योगायोग, बाकी संबंध नाही.

मराठी वाचकाच्या मनात इथे बेने इस्रायली येतील. अलिबाग-पेणकडचे ‘शनवार तेली’, घरात मराठी बोलणारे, ज्यांच्यातले काही पुढे अहमदाबादेत स्थिरावले. त्यांचा या शब्दाशी संबंध नाही. यिद्दिश त्यांच्या घरात कधी नव्हतीच. पण एक नियम दोन्हीकडे सारखा आहे: माशाला पर आणि खवले हवेत, तरच तो कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांप्रमाणे खाण्याजोगा. सॅल्मनला दोन्ही आहेत.

पदार्थ मात्र पूर्व युरोपापेक्षा अमेरिकेचा जास्त. तिकडच्या गरीब ज्यू घरात हेरिंग असायचा, सॅल्मन परवडत नसे. अमेरिकेत १८६९ साली पूर्व-पश्चिम रेल्वे जोडली गेली आणि पॅसिफिक किनाऱ्यावरचा सॅल्मन मिठाच्या पिंपांतून न्यूयॉर्कला पोहोचू लागला. बर्फाशिवाय टिकायचा तर मीठ भरपूर हवं, म्हणून तो जुना लॉक्स इतका खारट असे की पाण्यात भिजवून मगच खात. बेगल आणि क्रीम चीज ही जोडी त्याला नंतर मिळाली, आणि ती त्या खारटपणाला उतारा म्हणून शोभते.

पाकिटावर काय लिहिलंय ते वाचताना चार शब्द वेगळे ठेवा. ‘लॉक्स’ किंवा ‘बेली लॉक्स’ हा फक्त मिठातला. ‘नोव्हा’ हा कमी मिठात मुरवून थंड धूर दिलेला, नाव कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियावरून. ‘ग्रावलाक्स’ हा स्कँडिनेव्हियातला. मीठ, साखर आणि शेपू, धूर नाही, आणि नावातला ‘ग्राव’ म्हणजे पुरणं, कारण पूर्वी मासा खरंच जमिनीत पुरत. ‘हॉट स्मोक्ड’ हा चक्क शिजलेला असतो, त्याच्या चकत्या होत नाहीत, पाकळ्या सुटतात. आज अमेरिकेतसुद्धा नोव्हालाच सर्रास लॉक्स म्हणतात, त्यामुळे नावावर विसंबू नका. घटकांच्या यादीत धूर आहे का ते बघा.

मासा कोणता घ्यायचा

इथे सगळ्यात मोठा घोळ ‘इंडियन सॅल्मन’ या नावाचा होतो. तो रावस. चवीला उत्तम, पण सॅल्मनच्या कुळातला नाही. मांस पांढरं, चरबी कमी, आणि रावस खाडीतून, किनाऱ्यावरून धरलेला असतो. त्याला मिठात मुरवून कच्चा खाऊ नका. जंगली समुद्री माशात ॲनिसाकिससारख्या अळ्या असू शकतात आणि घरगुती मिठाच्या प्रमाणाने त्या मरत नाहीत. रावस आणलाच असेल तर त्याला वजनाच्या दोन टक्के मीठ लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी तव्यावर परता. मांस घट्ट होतं, तुकडे फुटत नाहीत. रोहू, कटला या गोड्या पाण्यातल्या माशांना तर या पद्धतीने कच्चं खायचा विचारही नको.

हवा तो अटलांटिक सॅल्मन, संवर्धन केलेला, बहुधा नॉर्वेचा. लेबलवर शास्त्रीय नाव ‘साल्मो सालार’ असतं. बडोद्यात तो गोठवलेला मिळतो किंवा मुंबईहून बर्फाच्या खोक्यात येतो. किलोमागे हजारांच्या घरात जातो, म्हणून पहिल्यांदा अर्धा किलोच आणा. कातडीसकट सलग तुकडा मागा, मध्यभागाचा, जाडी साधारण अडीच ते तीन सेंटिमीटर. कापलेले ‘स्टेक’ घेऊ नका, त्यात मधे हाड येतं आणि मीठ सारखं मुरत नाही. मांसाच्या पांढऱ्या रेघांमध्ये भेगा पडलेल्या दिसल्या, किंवा पाकिटात बर्फाचे मोठे स्फटिक आणि गुलाबी पाणी गोठलेलं दिसलं, तर मासा मधे कुठेतरी वितळून परत गोठलाय. सोडून द्या.

अळ्यांसाठीचा ठरलेला नियम म्हणजे उणे २० अंशांवर सात दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून तिथेच पंधरा तास. घरचा फ्रीजर उणे १८ वर चालतो, दार उघड-मीट केलं की त्याहूनही वर जातो, त्यामुळे घरी गोठवून हा नियम पाळल्याचं समाधान करून घेऊ नका. गोठवलेलाच विकत आणा. ठरावीक खाद्यावर वाढवलेल्या सॅल्मनमध्ये ही भीती मुळात फार कमी असते, पण दोन्ही कुलुपं लावलेली बरी.

वितळवायचा तो फ्रिजमध्ये, रात्रभर ते चोवीस तास. आणि पाकीट आधी फोडून. हवाबंद पाकिटात, फ्रिजच्या तापमानालासुद्धा, बोट्युलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूंचा एक प्रकार वाढू शकतो. त्याला हवा नको असते. बऱ्याच पाकिटांवर ही सूचना बारीक अक्षरात असते आणि कोणी वाचत नाही.

फ्रिज

लॉक्स मुरायला तीन-चार दिवस लागतात आणि तेवढे सगळे दिवस मासा २ ते ४ अंशांत राहायला हवा. बडोद्याच्या मे महिन्यात, बाहेर बेचाळीस असताना, दिवसातून पन्नास वेळा उघडणाऱ्या फ्रिजचा दारातला कप्पा सहज दहा अंशांवर जातो. साधा थर्मामीटर घ्या, पाण्याच्या पेल्यात बुडवून खालच्या कप्प्यात मागच्या भिंतीलगत रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडल्याबरोबर वाचा. चारच्या वर असेल तर आधी डायल फिरवा, मासा नंतर आणा. डिसेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. उन्हाळ्यात करायचाच तर फ्रीजरच्या खालची चिलर ट्रे रिकामी करून तिथे ठेवा.

लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरतो. त्यापुढे गेलं आणि मासा पाच अंशांच्या वर दोन तासांहून जास्त राहिला, तर वास चांगला येत असला तरी तो खाण्यातून बाद. पैसे गेल्याचं दुःख होतं, पण घातक जंतूंना वास असतोच असं नाही.

मीठ आणि मुरवणं

पाचशे ग्रॅम माशाला पंधरा ग्रॅम मीठ आणि दहा ग्रॅम साखर. म्हणजे तीन टक्के आणि दोन टक्के. मासा ४३० ग्रॅम भरला तर मीठ तेरा ग्रॅम. डिजिटल काट्यावर मोजा. चमच्यावर भरवसा नको, कारण एक चहाचा चमचा बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि खडे मीठ त्याहून बरंच कमी. ‘कधी फार खारट होतो, कधी अळणी’ ही तक्रार नव्वद टक्के वेळा इथेच सुटते.

बिनआयोडीनचं जाडंभरडं समुद्री मीठ किंवा सैंधव चालेल. रोजचं आयोडीनवालं मीठही चालतं, फक्त सुटलेलं पाणी जरा गढूळ दिसतं. काळं मीठ नको. त्याचा गंधकी वास सॅल्मनच्या चरबीत बसतो आणि निघत नाही. हळद, लिंबाचा रस, व्हिनेगर यांतलं काही आत्ता लावू नका. आंबटाने वरचा थर पांढरा आणि ठिसूळ होतो, मग पातळ काप निघत नाहीत.

मासा किचन पेपरने कोरडा करा. मांसाच्या बाजूने बोट डोक्याकडून शेपटीकडे फिरवलं की काट्यांची एक रांग टोचते. चिमट्याने एकेक काटा धरून, तो ज्या दिशेला कललेला आहे त्याच दिशेने, म्हणजे डोक्याकडे, हळू ओढा. उलटं ओढलं तर मांस फाटतं. मीठ-साखर एकत्र करून दोन्ही बाजूंना लावा, त्यातलं तीन चतुर्थांश मांसाच्या बाजूला, उरलेलं कातडीला. खाली सांडलेला कणसुद्धा पिशवीत गेला पाहिजे, कारण मोजमाप त्याच्यासकट आहे. जाड झिपच्या पिशवीत घाला, हवा हाताने दाबून काढा, पिशवी काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात आडवी ठेवा. ॲल्युमिनियम आणि पितळ नको.

पहिल्या दहा-बारा तासांत पिशवीत पाणी जमतं. घाबरून ते काढू नका. तोच आता खारा रस, आणि त्यातूनच उरलेलं मीठ आत जातं. सकाळ-संध्याकाळ पिशवी उलटवा. अडीच सेंटिमीटर जाडीला तीन दिवस, तीनच्या वर असेल तर चार. या पद्धतीचा फायदा असा की मीठ मोजकंच असल्यामुळे एक दिवस उशीर झाला तरी मासा जास्त खारट होत नाही.

घाईची दुसरी पद्धत अशी की त्याच पाचशे ग्रॅमला साठ ग्रॅम मीठ, चाळीस ग्रॅम साखर, चोवीस तास. मग धुवा, कडेचा तुकडा चाखा, खारट वाटला तर बर्फाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. इथे चार तास इकडेतिकडे झाले की शेपटीकडचं टोक चामड्यासारखं होतं आणि मधला भाग अळणी राहतो. जुन्या लॉक्सच्या जवळची चव हीच देते हे खरं, पण पहिल्यांदा करणाऱ्याने पहिल्या पद्धतीनेच करावं असं आमचं स्पष्ट मत आहे.

शेपू घातला की तुम्ही ग्रावलाक्सकडे वळलात. हरकत काहीच नाही. उलट युरोपात महाग पडणारी ही पालेभाजी खंडेराव मार्केटात जुडीने मिळते, गुजरातीत ‘सुवा’ म्हणून मागा. आपला शेपू तिकडच्यापेक्षा उग्र असतो, म्हणून त्यांच्या कृतीतल्या प्रमाणाच्या निम्माच, आणि फक्त कोवळी पानं; दांडे तुरट लागतात. सोबत एक चमचा भरड मिरी. परदेशी कृतींत व्होडका किंवा आक्वाव्हिट असतं. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि त्या दोन चमच्यांनी सुवासापलीकडे काही साधत नाही. गाळा.

मुरल्यावर मासा थंड पाण्याखाली पटकन धुवा, कोरडा करा आणि जाळीवर, उघडाच, फ्रिजमध्ये रात्रभर ठेवा. वरचा ओलेपणा जाऊन बोटाला किंचित चिकट लागणारा चकचकीत थर आला पाहिजे. ही पायरी लोक टाळतात आणि मग काप सुरीला चिकटतात म्हणून सुरीला दोष देतात. फ्रिजमध्ये कांदा-लसणाचं उघडं वाटण असेल तर ते आधी झाका.

निखाऱ्यावर तूप टाकून धुंगार दिला तर नोव्हा होईल का? नाही. थंड धुरासाठी मासा तीस अंशांच्या खाली ठेवून तासन्‌तास धूर द्यावा लागतो. बडोद्याची नुसती हवाच वर्षातले बरेच महिने तीसच्या वर असते. बंद डब्यातल्या निखाऱ्याने मासा कोमट होतो, चरबी सुटते आणि तुपाचा वास लागतो.

कापणं आणि खाणं

कापण्याआधी अर्धा तास फ्रीजरमध्ये. लांब, अरुंद, धारदार सुरी. शेपटीच्या टोकापासून सुरुवात, सुरी जवळजवळ आडवी, दोन-तीन मिलिमीटरचे काप. सुरी पुढेमागे लांब ओढायची, दाबायची नाही. काप कातडीपर्यंत आला की पातं सपाट करून बाहेर काढा, कातडी तशीच राहू द्या. कातडीलगतचा करडा भाग तेलकट आणि उग्र असतो, तो कापात आला तर छाटून टाका.

बेगल नसेल तर जाड, भाजलेला ब्रेड. क्रीम चीजच्या जागी चक्का: म्हशीच्या दुधाचं दही फडक्यात बांधून फ्रिजमध्ये आठ तास, मग चिमूटभर मीठ घालून घोटलेलं. आंबट दह्याचा नको. माशासोबत दही-दूध नको असं अनेक मराठी घरांत मानतात. गंमत म्हणजे सेफार्डी, म्हणजे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या, ज्यूंच्या काही समाजांतही हाच संकेत आहे, तर अश्केनाझींना मासा आणि दुग्धजन्य एकत्र चालतं, आणि म्हणूनच लॉक्स-क्रीम चीजची जोडी जमली. ज्यांना नको त्यांनी मोहरी फेसावी. दोन चमचे मोहरीची पूड थोड्या पाण्यात नाकाला झिणझिण्या येईपर्यंत फेसून, त्यात चार चमचे साखर, एक चमचा व्हिनेगर, मग धारेने चार चमचे तेल, शेवटी चिरलेला शेपू. स्वीडनमध्ये ग्रावलाक्सबरोबर असंच काहीसं वाढतात.

लॉक्सवर घालायच्या खारवलेल्या कळ्या, म्हणजे कॅपर्स, महाग आणि बाटली उघडली की पडून राहते. इथल्या बाजारात खाऱ्या पाण्यातला केरडा मिळतो, आपली नेपती. तो कॅपरच्याच वंशातला. फरक एवढाच की कॅपर ही कळी, केरडा हे फळ. मसाला न घातलेला घ्या, धुवा, चार फोडी करा. कांदा लाल, कागदासारखा पातळ, पाच मिनिटं थंड पाण्यात.

पन्नास ग्रॅम लॉक्समधून दीड ग्रॅम मीठ पोटात जातं आणि दिवसाची मर्यादा पाच ग्रॅम, म्हणून रक्तदाब असणाऱ्यांनी हिशेब ठेवावा. गर्भवती, वयस्कर आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी तो कच्चा खाऊच नये; लिस्टेरिया हा जंतू फ्रिजमध्येही वाढतो आणि मिठाला दाद देत नाही.

उरलेला तुकडा न कापता, बटर पेपरात गुंडाळून चार दिवस फ्रिजमध्ये राहतो, हवाबंद न करता. त्याहून जास्त ठेवायचा तर पहिल्याच दिवशी फ्रीजरमध्ये, महिनाभर. कडेचे तुकडे आणि जाड निघालेले काप वाया घालवू नका: भरपूर कांदा लोण्यात मऊ करून अंडी फोडा, भुर्जी अर्धी जमली की तुकडे घाला आणि ती पूर्ण शिजू द्या. मीठ मात्र शेवटी चाखूनच, बहुधा लागत नाही.